मिटिंग चालू हाय

मामा,

काल तुमचा दहावा झाला. घोड नदीच्या घाटावर उभं राहायला जागा नव्हती. प्रवचन झालं, मग माईकवरून श्रद्धांजलीची भाषणं सुरू झाली आणि लांबत गेली. त्यातल्या एकानं, मला वाटतं दूध डेअरीच्या चेअरमननी, आवाज चढवून सांगितलं, "त्यांनी जावयाला पोटच्या पोरासारखं वागवलं." लोकांनी माना हलवल्या. मी खाली वाळूकडे बघत राहिलो. तुम्ही असता तर मध्येच म्हणाला असता, "तसं काय न्हाई राव. पावणा तो पावणा."

आणि ते खरं होतं. पोरासारखं तुम्ही मला एक दिवसही वागवलं नाहीत.

पिंड ठेवला. समोरच्या बाभळीवर कावळे बसले होते, पण एकही खाली येईना. तुमच्या पुतण्यानं हात जोडून सांगितलं, चुलतीला अंतर देणार नाही. कावळा हलला नाही. मामी म्हणाल्या, जनावरं विकणार न्हाई, तुमची मॅडम म्हस दावणीलाच राहील. तरी नाही. मग लोक इकडे तिकडे बघायला लागले. अशा वेळी प्रत्येकाला वाटतं, अडलंय ते आपल्यापाशी. मला तर खात्रीच होती. कितीतरी वर्षं पोटात धरलेलं एक वाक्य होतं माझ्याकडे. इथं, सगळ्यांसमोर, आता बोलून टाकायचं असं ठरवलं. चप्पल काढून पुढं झालो, हात जोडले, "मामा" एवढं म्हटलं, आणि झपकन कावळा उतरला.

"शिवला! शिवला!" म्हणत लोक उठलेसुद्धा. माझं वाक्य तोंडातच राहिलं.

म्हणजे शेवटपर्यंत तुम्ही मला बोलू दिलं नाहीत.

हे मी तुमच्या गच्चीवरच्या खोलीत बसून लिहितोय. कागद ठेवलाय तो मामींच्या शिलाई मशीनवर. लॉकडाऊनमध्ये तुम्ही हे मशीन पुतण्याला घेऊन जिन्यावरून वर चढवलं होतं, माझ्या लॅपटॉपला टेबल हवं म्हणून. मी हात लावायला आलो तर म्हणालात, "ठिवा. तुमी नका हात लावू. पावण्यानं वजन उचलायचं नसतं."

मी, वैशाली आणि दोन्ही पोरं आलो होतो दोन दिवसांसाठी. ईश्वरी पहिलीत होती, शंभू तीनच्या आतबाहेर. भोसरीहून दोन-दोन कपडे घेऊन शिनोलीला निघालो आणि तिसऱ्या दिवशी सगळं बंद झालं. माझं गाव अवसरी बुद्रुक इथून काही लांब नाही, पण तिथल्या पोरांनी वेशीत बाभळीच्या फांद्या टाकून रस्ता बंद केला होता. भावानं फोनवर सांगितलं, तिथंच थांब. आणि मी थांबलो. लग्नानंतर पहिल्यांदाच सासुरवाडीत आठवड्यापेक्षा जास्त राहत होतो. गावातली माणसं मास्कमागून हसत विचारायची, "काय पावणं, मुक्काम वाढला?" ते ऐकून मला घाम फुटायचा. तुम्ही मात्र परस्पर उत्तर द्यायचा, "तेंची कंपनी चालू हाय. हितनंच सगळा कारभार बघत्यात. साहेब हायेत."

साहेब. मी चाकणच्या एका कंपनीत पर्चेस डिपार्टमेंटला होतो. खालचा माणूस. पण तुम्ही लग्नाच्या बोलणीत एकदा जे "साहेब" म्हणालात, ते मागं घेतलं नाहीत.

त्या घरात माझ्या मिटिंगला जेवढा मान होता तेवढा देवघराला नव्हता. रोज दहाला मी वर जायचो. खाली तुम्ही फळीवर बसून दोन्ही पोरांना समोर घ्यायचा आणि ओठावर बोट ठेवायचा. "मिटिंग चालू हाय. गप बसा." मामी कुकर लावायच्या नाहीत. वैशाली भांडी घासायची ती नळ बारीक सोडून. ईश्वरीची शाळासुद्धा मोबाईलवर, पण रेंज फक्त गच्चीत, म्हणून ती बिचारी पाण्याच्या टाकीच्या सावलीत पोतं टाकून बसायची आणि हळू आवाजात पाढे म्हणायची. तिच्या बाई पलीकडून ओरडायच्या, "ईश्वरी, आवाज येत नाहीये, मोठ्यानं बोल!" ती म्हणायची, "मोठ्यानं नाही बोलता येत, बाबांची मिटिंग चालू आहे." पुढं म्हशीला पारडी झाली, ती नेमकी वर्ग सुरू व्हायच्या वेळेला हंबरायची, म्हणून ईश्वरीनं तिचं नाव ठेवलं मॅडम. तुम्ही ते नाव लगेच उचललंत. डेअरीवर जाऊन सांगायचा, "मॅडमची तब्येत आज बरी न्हाई."

पण सगळ्यात मोठा आवाज होता वैरण कापायच्या कडबाकुट्टीचा. ते मशीन सुरू झालं की अख्ख्या आळीला कळायचं. पहिल्याच दिवशी मला फोनवर बोलता येईना, म्हणून मी खिडकीतून नुसतं खाली बघितलं. काही बोललो नाही. तुम्ही मान वर केलीत, खटका बंद केलात, आणि त्या दिवसापासून दहानंतर ते मशीन लावलं नाहीत. कोयता घेऊन बसलात आणि सगळी वैरण हातानं तोडायला लागलात. साठी उलटलेला माणूस. मी एकदा खाली येऊन म्हणालो, "मामा, द्या इकडे, मी तोडतो." तुम्ही कोयता मागं लपवलात, लहान मुलानं लपवावा तसा. "पावण्यानं कोयता धरायचा न्हाई. लोक काय म्हनतील?"

आता ते वाक्य लिहितो. आषाढात मला कंपनीतून फोन आला. एचआरमधली मुलगी होती, आवाज अगदी गोड. उद्यापासून लॉगिन करू नका म्हणाली. मी "ओके मॅडम, थँक्यू" म्हणालो. थँक्यू का म्हणालो ते मला आजवर कळलेलं नाही. फोन ठेवला आणि खाली जेवायला आलो. तुम्ही विचारलंत, "झाली का मिटिंग?" मी म्हणालो, "झाली."

आणि दुसऱ्या दिवशी दहाला परत वर गेलो.

मामा, मी ठरवून नाही केलं. ईश्वरी आधीच पोतं घेऊन टाकीपाशी बसली होती, मामींनी दहाच्या आत कुकर उतरवला होता, तुम्ही कोयता काढला होता. सगळं घर माझ्या नोकरीसाठी श्वास धरून बसलं होतं. त्या घराला "नोकरी गेली" असं सांगायचं म्हणजे कसं? आज नको, उद्या सांगू. उद्याही दहा वाजले. मग गणपती आले. मी लॅपटॉप उघडून समोर ठेवायचो, तो बंदच असायचा. त्या काळ्या पडद्यात माझं तोंड दिसायचं, म्हणून खिडकीबाहेर डोंगराकडे बघत बसायचो. आणि खाली तुम्ही, नसलेल्या मिटिंगसाठी, हातानं वैरण तोडायचा. खट्. खट्. खट्. तो आवाज मला आजही झोपेत येतो.

वैशालीला मी त्याच आठवड्यात सांगितलं. ती म्हणाली, "अण्णांना सांगून टाका. ते काही खाणार नाहीत तुम्हाला." मी म्हटलं, "खातील तर बरं. ते काहीच बोलणार नाहीत, उलट जास्त तूप वाढतील." ती हसली, पण मग चिडली. तिला स्वतःच्या माहेरात दबक्या आवाजात वावरावं लागत होतं आणि का ते आईला सांगता येत नव्हतं. "तुमच्या मानासाठी माझी पोरं मुकी झालीत," असं ती एकदा म्हणाली. ते बरोबरच होतं.

मी प्रयत्न केला नाही असं नाही. गणपती विसर्जनाला आपण दोघंच कालव्यावर गेलो होतो, गर्दी करायला बंदी होती म्हणून. मी धीर करून म्हणालो, "मामा, एक सांगायचं होतं. कंपनीचं." तुम्ही पाट माझ्या हातात दिलात आणि म्हणालात, "कंपनीचं कंपनीत. देव हातात हाय आत्ता." पुन्हा एकदा अंगणात सुरुवात केली तर "जेवला का?" म्हणत तुम्ही आत गेलात. मला वाटायचं, सासऱ्याची रीत. जावयाशी दोन शब्दांपुढे बोलायचं नाही. आमच्याकडेही तसंच असतं.

त्या दिवसांत आळीत एक जण गेला. तुमचा लहानपणचा सोबती. त्याला घोडेगावहून परस्पर नेलं, तोंडही बघायला मिळालं नाही. तुम्ही दिवसभर गोठ्यात बसून राहिलात. शंभू तुमच्या पाठीवर चढला तर त्याला उतरवलंत आणि म्हणालात, "लांब बस बाळा, आज्याचं वय झालंय." त्याला काय कळणार? तो तीन हात लांब बसला आणि तिथून तुम्हाला मुंगळे दाखवत राहिला. मी वरून बघत होतो. खाली यावं, शेजारी बसावं असं फार वाटलं. पण दहा-साडेदहा झालेले. माझी मिटिंग चालू होती ना.

तुमचं बोट कापलं तो दिवस मला वेगळा सांगायला नको. कोयता घसरला. तुम्ही ओरडलासुद्धा नाहीत, मीच वरून रक्त बघितलं आणि जिन्यावरून धावत आलो. डाव्या हाताच्या बोटाला टॉवेल गुंडाळून तुम्ही उभे होतात आणि माझ्याकडे बघून काय म्हणालात आठवतंय? "मिटिंग सोडून कशाला आलात पावणं? तेवढं काय झालं न्हाई."

मोटरसायकलवरून तुम्हाला घोडेगावला घेऊन गेलो. डॉक्टर टाके घालत होते. मला सहन होईना. मी म्हणालो, "मामा, खरं सांगू का, मिटिंग..." तुम्ही डॉक्टरांकडे वळून म्हणालात, "डाक्टर, आमच्या पावण्यांला खुर्ची द्या आधी. रगत बघून तेंच्या तोंडाला फेस यायचा." डॉक्टर हसले. कंपाउंडर हसला. मी खुर्चीवर बसलो. बोलणं राहिलं.

ते बोट पुढं नीट वाकलं नाही. दूध काढताना तुम्ही ते बाजूला ठेवायचा. मला ते बघवायचं नाही, आणि हे आता पहिल्यांदाच लिहितोय, म्हणून मी शिनोलीला यायचं टाळायला लागलो. नोकरी परत लागल्यावर वैशालीला आणि पोरांना पाठवायचो, मला ऑडिट असायचं. दिवाळीला ऑडिट, यात्रेला ऑडिट. तुम्ही फोनवर म्हणायचा, "साहेब मानूस, कामाला कमी न्हाई." दरवेळी मला वाटायचं, हा माणूस एवढा साधा, किती सहज फसवलं याला.

पण त्याआधी धोंड्याचा महिना.

त्या वर्षी पितरपाठ संपला आणि नवरात्राच्या आधी अधिक महिना आला. लेक-जावयाला बोलवायचं, अनारसे आणि पुरणाचे धोंडे करायचे, वाण द्यायचं. सगळीकडे करतात. अडचण एवढीच की जावईबापू, म्हणजे मी, मार्चपासून घरातच. मामी म्हणाल्या, "देऊ की हितंच बसवून." तुम्ही ऐकायला तयार नाही. "घरात बसलेल्याला वाण कसं द्यायचं? पावणं बाहेरनं आलं पायजे." वैशाली म्हणाली, "अण्णा, कुठून येणार? एसटी अजून फिरकली नाही गावात." तुम्ही म्हणालात, "फाट्यावरनं."

आणि आम्ही चौघं खरोखर पिशव्या भरून, मास्क लावून, मागल्या दारानं निघालो आणि एसटीच्या थांब्यावर जाऊन उभे राहिलो. पोरांना काय आनंद. सहा महिन्यांनी कुठंतरी जायला मिळत होतं. शंभूनं रिकामं दप्तर पाठीला लावलं होतं. तो मला विचारत होता, "बाबा, आपन आज्याकडं चाललोय?" मी म्हटलं हो. "आज्या लांब राहतो?" मी म्हटलं, "लई लांब." वैशाली एवढी हसली की मास्क ओला झाला. ती तशी हसलेली मी आषाढापासून बघितली नव्हती.

मग तुम्ही आलात. धुतलेला सदरा, इस्त्रीची टोपी, त्याखाली फुलाफुलांचा मास्क, मामींच्या ब्लाऊजपीसचा. "या, या! कधी निघालात? गाडीला गर्दी न्हवती न्हवं?" मी म्हणालो, "नव्हती." "कंडक्टर वळखीचा व्हता का?" ईश्वरीला राहवेना, ती ओरडली, "आजोबा, एसटी बंद आहे!" तुम्ही तिच्याकडे डोळे वटारलेत आणि माझ्या हातातली पिशवी काढून घेतलीत. पावण्याची पिशवी. दारात मामींनी पायांवर पाणी घातलं, भाकरतुकडा ओवाळून टाकला. सगळं साग्रसंगीत.

वाणात अनारशांचं ताट होतं, दिवा होता, टॉवेल-टोपी होती. आणि एक खोकं. हेडफोन. घोडेगावच्या मोबाईलच्या दुकानातून तुम्ही स्वतः आणलेले, बोट बांधलेल्या हातानं.

"हे कानाला लावत्यात म्हणं मिटिंगवाले," तुम्ही म्हणालात. माझ्याकडे बघत नव्हता, ताटातला दिवा सरळ करत होता. "हे लावलं का खाली कितीबी दंगा झाला तरी तुमाला तरास न्हाई. पोरांची तोंडं बांधून ठिवलीत, ती सोडू द्या म्हणलं. मशीनबी लावू द्या."

दुसऱ्या दिवशी दहाला कडबाकुट्टी सुरू झाली. मामींच्या कुकरच्या शिट्ट्या झाल्या. शंभू अंगणात मॅडमच्या मागं बोंब मारत पळाला आणि ईश्वरीनं टाकीपाशी उभं राहून बेचा पाढा असा म्हटला की पलीकडच्या गच्चीतून कुणीतरी टाळ्या वाजवल्या. मी वर हेडफोन लावून बसलो होतो. त्यात काही वाजत नव्हतं. पण त्यातूनही ते सगळं ऐकू येत होतं, आणि मला लाज वाटेल इतकं हलकं वाटलं. घर परत घर झालं होतं. थोड्या दिवसांनी मी खाली यायला लागलो. ईश्वरीचं गणित घ्यायला, शंभूला आंघोळ घालायला. मिटिंग लवकर संपायला लागल्या. दिवाळी झाली आणि मित्राच्या ओळखीनं रांजणगावला काम मिळालं. तुम्हाला सांगितलं, "कंपनी बदलली." तुम्ही म्हणालात, "चांगलं झालं," आणि पेढे आणायला स्वतः गेलात.

मला तेव्हा वाटलं, काय योगायोग. हेडफोनमुळे बोट वाचलं तुमचं. बाकीची बोटं.

आता कालची दुपार. घाटावरून आलो, जेवणं झाली, पाहुणे पांगले. पोरं वर आली होती. मी आलो तेव्हा ईश्वरीच्या हातात तेच हेडफोन. मशीनच्या खणात सापडले म्हणाली. एका कानाचा कापूस निघालाय. ती आता सातवीत आहे मामा, मापात हसते. म्हणाली, "बाबा, हे आजोबांनी दिलेले ना? मिटिंग-मिटिंगच्या वेळचे?"

"मिटिंग-मिटिंग काय?"

"खेळ होता आमचा. गोठ्यात. शंभू साहेब व्हायचा."

शंभूला अर्थातच काही आठवत नाही. तो म्हणाला, "मी कशाला साहेब होतोय?" ईश्वरी त्याला म्हणाली, "तूच व्हायचास. पाट मांडीवर घ्यायचास, लॅपटॉप म्हणून. आणि गप्प बसायचास. आजोबा म्हणायचे, आरं बोल की काय तरी, साहेब हायेस ना? तर तू म्हणायचास, मिटिंगमधी बोलायचं नसतं. डोंगराकडं बघायचं. आणि पाय हलवायचे."

मी शिलाई मशीनकडे बघितलं. खाली पायडल. रिकामं बसलं की माझे पाय आपोआप त्यावर जायचे.

त्या तीन वर्षांच्या पोरानं दाराच्या फटीतून मला पुरतं बघितलं होतं.

"मग आजोबा काय म्हणाले?" मी विचारलं.

ईश्वरी आठवत होती. "हसले नाहीत. आम्हाला वाटलं हसतील. म्हणाले, ह्यो खेळ हितंच खेळायचा, गोठ्यात. बाहेर न्हाई. पावणं आलं का बंद करायचा. आणि मला म्हणाले..." ती थांबली. तुमची नक्कल तिला छान येते, पण काल तिनं ती केली नाही. सरळ सांगितलं. "म्हणाले, तुझ्या बापाची मिटिंग लई अवघड हाय. त्याला तरास द्यायचा न्हाई."

मी विचारलं, "हे आजोबांचं बोट कापायच्या आधी की नंतर?"

"आधी. कारण नंतर शंभू बोटाला चिंधी बांधून मिटिंगला बसायला लागला."

मामा, मी तिच्या हातातले हेडफोन घेतले.

म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं. ठाऊक असूनही तुम्ही कोयता खाली ठेवला नाहीत. कडबाकुट्टीचा खटका दाबला असता तर मला कळलं असतं की तुम्हाला कळलंय. एवढ्यासाठी हातानं तोडत राहिलात. मी वर नसलेली मिटिंग करत होतो आणि तुम्ही खाली तिची राखण करत होतात. कालव्यावर तुम्ही मला गप्प केलंत, दवाखान्यात खुर्चीवर बसवलंत, ती रीत नव्हती. बोलून टाकलं की माणूस उघडा पडतो, आणि तुमच्या दारात आलेला पावणा उघडा पडू द्यायचा नव्हता. मग हेडफोन आणलेत. माझं खोटं तुम्ही मोडलं नाहीत, त्याला एक दार करून दिलंत, आणि मी त्या दारानं खाली उतरून आलो आणि मलाच कळलं नाही.

तुमच्यावर राग आला काल. खरंच आला. एक शब्द बोलला असता तर? बोट वाचलं असतं. मी एवढी वर्षं ऑडिटच्या नावाखाली लपलो नसतो. पोरांबरोबर आलो असतो, तुमच्या शेजारी गोठ्यात बसलो असतो. तुमचा मान आणि माझा मान, दोन्हींचा खर्च आपल्या दोघांना पडला. हे भांडण मला तुमच्याशी करायचं होतं. आता ते एकट्यानंच करतो आहे, आणि हरतोही आहे. कारण राग टिकत नाही. त्याच्या खालून दुसरंच काहीतरी वर येतं. ते असं, की हा माणूस फसून गेला नाही. मी ज्याला फसवलं म्हणून झुरत होतो तो माणूस कधी फसलाच नव्हता. त्यानं मला बघितलं होतं, पुरतं, रिकाम्या लॅपटॉपसकट, आणि तरी फाट्यावर इस्त्रीची टोपी घालून घ्यायला आला होता. काल मला झोप लागली मामा. खट् खट् न होता.

सकाळी चहाला मामींपाशी बसलो. म्हटलं, निदान इथं तरी वाक्य पुरं करू. "मामी, त्या लॉकडाऊनमध्ये माझी नोकरी गेली होती. मी कुणाला सांगितलं नव्हतं."

मामी चहा गाळत होत्या. म्हणाल्या, "माहीत हाय की."

"मामांनी सांगितलं?"

"ते कशाला सांगत्यात. पायडलचा आवाज येत व्हता ना खाली, दिसभर. माझं मशीन हाय, मला कळत न्हाई व्हय? तुमची कंपनी काय शिवणकामाची न्हवती." कप माझ्यापुढे सरकवला. "तेंला म्हणलं एकदा, जावयाला इचारा तरी. तर मलाच म्हणलं, तुझं मशीन गंजलंय, चालवू दे त्याला जरा." आणि हसल्या. तुम्ही गेल्यापासून पहिल्यांदा. मग पदर डोळ्याला लावला, मग पुन्हा हसल्या. वैशाली दारात उभी होती, ती म्हणाली, "म्हणजे मी एकटीच मूर्खासारखी नळ बारीक सोडत होते?"

म्हणून मग वर आलो आणि लिहायला बसलो. तुम्हाला मी कधी धन्यवाद म्हणालो नाही. म्हणालो असतो तर तुम्ही "जेवला का" विचारलं असतं. जेवलो मामा. भरपूर जेवलो तुमच्या घरी.

अजून पुष्कळ लिहायचं होतं. पण खाली मॅडम हंबरतेय, आणि मामी अंगणात येऊन वर बघत हाका मारताहेत. अख्ख्या आळीला ऐकू जाईल एवढ्यानं.

"पावणं! मिटिंग संपली असंल तर खाली या! दहा वाजून गेलं, म्हस वरडतीय. तेवढी कडबाकुट्टी लावा!"

लग्न झाल्यापासून तुमच्या घरात मला आज पहिल्यांदा कुणी काम सांगितलं. निघतो.